मॉरिशसचा मध्याह्न

मुंबईत सकाळचे ९ वाजतात, तेव्हा मॉरिशसमध्ये ७॥ झालेले असतात. भाद्रपदात कोकणात पावसाचा जोर ओसरू लागतो. विषुववृत्तापलीकडील या बेटावर हिवाळा सरत असून उसाची तोडणी चालू असते. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर आलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांकडेही चतुर्थीस गणपतीची पूजा होते. शास्त्राने तिला मध्याह्नकाळ सांगितला आहे. मुंबईच्या पंचांगातील तिथीच्या वेळेतून दीड तास वजा करणे युक्तच. कारण तिथी सर्वत्र एकाच क्षणी संपते. मध्याह्न मात्र स्थानिक असतो. मुंबईच्या माथ्यावरील सूर्य मॉरिशसवर येण्यास सुमारे एक तास लागतो. तेथेही दीड तासच वजा केल्यास पूजा तासभर आधी उरकेल. यास्तव तिथी पंचांगावरून ठरवावी, मध्याह्न मात्र पोर्ट लुईच्या सूर्यावरून.