परके आतडे किती टिकते?

चोरखमाऱ्याच्या शिवारात धानाची मुळे पाणी शोषतात, तसे तुमचे सुमारे ६ मीटर लांबीचे लहान आतडे अन्नरस शोषते. ते निकामी झाले तर पोषण शिरेतून द्यावे लागते. तेही सोसेना, तर आतड्याचे प्रत्यारोपण करतात. गरजेनुसार यकृत, जठर व स्वादुपिंडही बदलतात.

पण आतड्यात संरक्षक पेशी विपुल आणि जंतू असंख्य. म्हणून शरीर त्याला चटकन परके ठरवते. १९९०च्या सुमारास टॅक्रोलिमस हे औषध आले आणि यश वाढले. पहिले वर्ष बहुतेक रुग्ण पार करतात. पाच वर्षांनी मात्र सुमारे निम्मीच आतडी कार्यरत राहतात. नवल असे, की सोबत त्याच दात्याचे यकृत असले तर आतडे अधिक टिकते!

औषधे जन्मभर घ्यावी लागतात. त्यांनी प्रतिकारशक्ती दबते, मूत्रपिंडांनाही इजा पोचते. परक्याला आश्रय द्यावा, पण जंतूंना दार उघडू नये, हे कसे साधेल? विचार करा!