आगगाडी थांबली तेव्हा

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी सुमारे शंभर किलोमीटर अंतर तोडून कर्जतला येते. पुढे बोरघाटाची चढण लागते. ती एका इंजिनाला पेलत नाही, म्हणून येथे गाडीला मागून जादा इंजिने जोडतात. तेवढ्या अवधीत फलाटावर बटाटेवड्यांची विक्री होते. कर्जतच्या वड्याची कीर्ती दूरवर पसरली, तिला ही घाटाची चढणही कारण झाली असे म्हणावयास हरकत नाही. मनुष्याने काय व केव्हा खावे हे केवळ त्याची जीभ ठरवीत नाही; रस्ते आणि वेळापत्रकेही ठरवितात.

कर्जत व खालापूर या तालुक्यांतील पुष्कळ माणसे रोज रेल्वेने ठाणे-मुंबईकडे कामास जातात. त्यांच्या घरी पहाटेच स्वयंपाक होतो, दुपारचे जेवण डब्यात जाते आणि रात्रीचे पान गाडी येईल तेव्हा मांडले जाते. मार्च २०२० मध्ये ही घडी मोडली. करोनाची साथ रोखण्यासाठी २२ मार्चच्या मध्यरात्रीपासून उपनगरी गाड्या बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. डबा फडताळात गेला. सारे कुटुंब दुपारी एकत्र जेवू लागले. उपाहारगृहे बंद, म्हणून पाव, केक, पाणीपुरी असे पदार्थ घरीच करून पाहण्याची हौस वाढली. चालणे-फिरणे मात्र खुंटले. शिवाय घरातील स्त्रियांचा स्वयंपाक दुपटीने वाढला, याची गणती फारशी कोणी केली नाही.

जूनमध्ये पाऊस आला आणि रानात शेवळे उगवली. जमिनीतील कंदातून वर येणारा हा कोंब दिसावयास सुंदर, पण तसाच शिजवला तर घसा खाजवितो. त्यात सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. यावर उपायही रानातच आहे. काकड नावाच्या झाडाची आंबट फळे अथवा चिंच भाजीत घातली की खाज मोडते. हे ज्ञान ठाकूर व कातकरी स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे. शेवळे, टाकळा, भारंगी अशा भाज्यांच्या टोपल्या घेऊन त्या रेल्वेने शहरातील बाजारांत जातात. त्या वर्षी त्यांना गाडी नव्हती. १५ जूनपासून सुरू झालेल्या थोड्या गाड्या केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी होत्या.

आता कातकरी वाडीतील चुलीकडे पाहा. येथील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी चार पैसे घेऊन परततात. त्या वर्षी ऐन हंगामात कामे थांबली. रोजची मजुरी बुडाली, तेव्हा तेल-मीठ कोठून आणावयाचे? एप्रिल २०२० पासून केंद्र शासनाने शिधापत्रिकेवर दरमहा माणशी पाच किलो धान्य मोफत देण्यास आरंभ केला. त्याचा मोठा आधार झाला. पण ज्याच्यापाशी शिधापत्रिकाच नव्हती, त्याची पंचाईत झाली. शाळा बंद पडल्यामुळे मुलांना दुपारी मिळणारी ताजी खिचडीही थांबली, आणि तिचे तांदूळ व कडधान्य घरी देण्याची व्यवस्था करावी लागली. अशा घरांत ओढ्यातील खेकडे आणि रानातील पाला हे त्या दिवसांचे कालवण झाले. शहरातील माणूस हीच रानभाजी शक्तिवर्धक म्हणून कौतुकाने खात होता. भाजी एकच, परंतु एकाच्या पानात ती आवडीने आली आणि दुसऱ्याच्या पानात तिच्यावाचून काही नव्हते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून लसीच्या दोन मात्रा घेतलेल्या सर्वांना उपनगरी गाड्यांतून प्रवासाची मुभा मिळाली. फडताळातले डबे पुन्हा बाहेर निघाले. काही नोकरदार आजही आठवड्यातील काही दिवस घरूनच काम करतात व दुपारी गरम जेवतात. शेवळ्यांच्या टोपल्याही गाडीत चढू लागल्या आहेत. विकणाऱ्या बाईकडे जुडीबरोबर काकडाची चार फळे मागितली, तर ती देते.