विश्लेषण : जपानी गाडी की युरोपीय? दुरुस्तीचा खर्च नेमका कशावर ठरतो?

सात-आठ वर्षे वापरलेली ऐटबाज जर्मन किंवा चेक सेदान आणि शोरूममधून बाहेर पडणारी नवी कोरी छोटी जपानी हॅचबॅक. जुन्या गाड्यांच्या बाजारात अनेकदा या दोन्हींची किंमत जवळपास सारखीच असते. मग घरात वाद रंगतो. एक म्हणतो, इतक्या पैशांत एवढी दणकट गाडी पुन्हा मिळणार नाही. दुसरा म्हणतो, घेणे सोपे आहे, पोसणे कठीण. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मात्र ‘जपानी म्हणजे स्वस्त आणि टिकाऊ, युरोपीय म्हणजे महाग आणि नाजूक’ या एका वाक्यावर काही लाखांचा निर्णय घेणे धोक्याचे ठरू शकते.

जपानी गाड्यांची ख्याती किती खरी?

बरीचशी खरी आहे. अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ ही संस्था दरवर्षी आपल्या सभासदांकडून त्यांच्या गाड्यांतील बिघाडांची माहिती गोळा करते. टोयोटा आणि लेक्सस ही नावे त्या यादीत वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकांवर आहेत. २०२४ च्या अखेरीस जाहीर झालेल्या यादीत पहिले तीन क्रमांक सुबारू, लेक्सस आणि टोयोटा या जपानी नाममुद्रांचे होते. पण २०२२ च्या अखेरीस आलेल्या यादीत तिसऱ्या स्थानी बीएमडब्ल्यू ही जर्मन कंपनी होती. म्हणजे सरासरी जपानच्या बाजूने झुकते, पण प्रत्येक युरोपीय गाडी वाईट असे त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय ही यादी अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांची आहे. तिथले रस्ते, इंधन आणि मॉडेल वेगळी आहेत.

बिघाड कमी म्हणजे खर्चही कमी?

इथेच गल्लत होते. गाडी किती वेळा बिघडते हा एक प्रश्न आणि बिघडली की बिल किती येते हा दुसरा. पाच वर्षांत एकदाच बिघडणारी, पण त्या एका वेळी गिअरबॉक्सचा भाग बदलायला लावणारी गाडी, तीनदा किरकोळ कुरकुर करणाऱ्या गाडीपेक्षा महाग पडू शकते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर गाडीच्या रचनेत असते. दुसऱ्याचे उत्तर सुटे भाग कुठे बनतात, किती खपतात आणि ते बसवणारा मेकॅनिक जवळपास आहे का, यात असते.

याचे उत्तम उदाहरण मुंबईकरांनी अनेक दशके पाहिले. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावलेली प्रीमियर पद्मिनी ही फियाट ११०० या इटालियन गाडीचीच आवृत्ती. म्हणजे अस्सल युरोपीय रचना. पण ती कुर्ल्यात बनत होती, भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होते आणि साध्या गॅरेजमध्ये तिचे इंजिन उघडले जात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली, तोवर तिला ‘परवडत नाही’ असे कोणी म्हटले नाही.

युरोपीय गाड्यांत खर्च कुठे वाढतो?

पहिले ठिकाण गिअरबॉक्स. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक गाड्यांत डीएसजी हा दोन क्लच असलेला स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. तो झटपट गिअर बदलतो आणि इंधनही वाचवतो. त्याच्या सात गिअरच्या एका प्रकारात क्लच तेलात बुडालेले नसतात, ते कोरडे असतात. सिग्नल ते सिग्नल रखडत जाणाऱ्या वाहतुकीत असे क्लच तापतात आणि झिजतात. गिअरबॉक्स चालवणारा मेकाट्रॉनिक हा भाग यांत्रिक, हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक अशा तिन्ही यंत्रणा एकत्र आणतो, त्यामुळे तो बदलणे महाग जाते. चीनमध्ये २०१३ साली डीएसजीतील बिघाडामुळे फोक्सवॅगनला ३ लाख ८४ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने जगभरातील सुमारे १६ लाख गाड्यांच्या गिअरबॉक्समधील तेल बदलण्याची मोहीम जाहीर केली.

दुसरे ठिकाण इंजिन. छोट्या इंजिनाला टर्बो जोडून आणि इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारून जास्त ताकद काढणे, हा युरोपीय कंपन्यांचा आवडता मार्ग. त्यात उष्णता आणि दाब दोन्ही वाढतात. इंधन आत येणाऱ्या झडपांवरून वाहत नसल्याने तिथे काजळी साचू शकते. तेलही कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच लागते. ‘दुसरे चालेल’ म्हणून काटकसर केली, तर तिची किंमत टर्बोला मोजावी लागू शकते.

तिसरे ठिकाण सॉफ्टवेअर. अनेक भाग नुसते बसवून चालत नाहीत. कंपनीच्या संगणकाने गाडीला त्यांची ओळख करून द्यावी लागते. ते यंत्र आणि ज्ञान नसलेले गॅरेज हात वर करते आणि ग्राहकाला पुन्हा अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठावे लागते.

याउलट भारतात खपलेल्या बहुतेक जपानी पेट्रोल गाड्यांनी बराच काळ टर्बो नसलेले, साधे, जुने आणि पारखलेले इंजिन वापरले. त्यात थरार कमी, पण बिघडण्यासारखे भागही कमी.

जपानी गाड्या खर्चातून सुटतात का?

नाही. जपानी कंपन्यांच्या आवडीचा सीव्हीटी गिअरबॉक्स बिघडला, तर त्याचे बिलही घाम फोडते. निसानला अमेरिकेत सीव्हीटीवरून सामूहिक दाव्यांना तोंड द्यावे लागले आणि वॉरंटी वाढवून द्यावी लागली. एअरबॅगच्या सदोष भागांमुळे इतिहासातील सर्वांत मोठी ‘रिकॉल’ मोहीम ज्या कंपनीमुळे झाली, ती टाकाटा जपानीच. तिने २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. टोयोटाच्या मालकीच्या दाइहात्सूने सुरक्षा चाचण्यांत गैरप्रकार केल्याचे उघड झाले आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिला आपल्या सर्व गाड्यांची रवानगी थांबवावी लागली. फोक्सवॅगनचा २०१५ चा डिझेल घोटाळा सर्वांना आठवतो. त्यानंतर भारतातही सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्यात आल्या. थोडक्यात, चुका दोन्ही बाजूंना झाल्या आहेत.

नावावरून गाडी ओळखावी का?

नाव अनेकदा फसवते. एकेकाळी घरोघरी पोहोचलेल्या मारुती स्विफ्ट आणि डिझायरच्या डिझेल आवृत्तीत १.३ लिटरचे इंजिन होते. त्याचा आराखडा फियाटचा, म्हणजे इटालियन. हेच इंजिन टाटाच्या काही गाड्यांतही होते आणि पुण्याजवळ रांजणगावात ते तयार होत असे. इतक्या गाड्यांत ते बसले, की मेकॅनिक त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत. भाग सर्वत्र मिळत, म्हणून ते परवडत असे. त्याचप्रमाणे निसान टेरानो ही जपानी नावाची गाडी मुळात फ्रेंच कंपनी रेनोची डस्टर होती.

एकाच मॉडेलमध्येही फरक असतो. साधे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आणि हाताने बदलायचे गिअर असलेली फोक्सवॅगन पोलो आणि टर्बो-डीएसजी असलेली पोलो या खर्चाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या आहेत. त्यामुळे ‘कोणत्या देशाची’ याआधी ‘कोणते इंजिन आणि कोणता गिअरबॉक्स’ हे विचारायला हवे.

महाराष्ट्रात बनूनही भाग महाग का?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात स्कोडाने २००१ मध्ये, तर चाकणमध्ये फोक्सवॅगनने २००९ मध्ये कारखाना सुरू केला. पण गाडी इथे जोडली जाणे आणि तिचा प्रत्येक भाग इथे बनणे यांत फरक आहे. मोठ्या, महागड्या मॉडेलचे बरेच भाग परदेशातून येत. त्यावर आयात शुल्क, वाहतूक आणि प्रतीक्षा यांची भर पडे. २०२१ पासून आलेल्या कुशाक, टायगुन आणि त्यानंतरच्या स्लाव्हिया, व्हर्टस या गाड्यांत ९५ टक्क्यांपर्यंत भारतीय भाग असल्याचा दावा कंपनीने केला आहे. म्हणून जुन्या आयातप्रधान गाड्यांचा अनुभव या नव्या गाड्यांना जसाच्या तसा लावता येत नाही.

दुसरे कारण बाजाराच्या रचनेत आहे. एका ग्राहकाने २०११ मध्ये होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट यांच्याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारातील गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, असे तिचे स्वरूप होते. आयोगाने चौकशी वाढवली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत जपानी, युरोपीय, अमेरिकी आणि भारतीय अशा सगळ्याच कंपन्या होत्या. आदेश पुढे अपिलात गेला, पण बाहेरच्या गॅरेजला भाग मिळाला नाही की बिल वाढते, हे त्यातून ठळकपणे समोर आले.

विमा दुरुस्तीचा भार उचलत नाही का?

अपघाताचा उचलतो, झिजेचा आणि यांत्रिक बिघाडाचा नाही. गिअरबॉक्स आपोआप बंद पडला तर नेहमीची पॉलिसी उपयोगी पडत नाही. इंजिनात पुराचे पाणी शिरल्यास होणाऱ्या नुकसानीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. अपघातातही रबर, नायलॉन आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. ‘झिरो डेप’ घेतल्यास तो वाचतो, पण जुन्या गाडीला ते सहज मिळत नाही.

आणखी एक अडचण क्वचितच लक्षात घेतली जाते. जुन्या गाडीचे विमामूल्य उतरते, नव्या भागांची किंमत मात्र उतरत नाही. दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. महागडे हेडलॅम्प, सेन्सर आणि एअरबॅग असलेली जुनी आलिशान गाडी मध्यम अपघातातही त्या रेषेपर्यंत लवकर पोहोचते.

हिशोब कसा मांडावा?

खरेदीच्या किमतीऐवजी दरवर्षी किती पैसे जातील, ते काढावे. उदाहरणादाखल गृहीत आकडे घेऊ. जुनी युरोपीय सेदान साडेसहा लाखांना घेतली आणि चार वर्षांनी तीन लाखांना विकली. देखभाल वर्षाला ३५ हजार आणि मधे एक मोठी दुरुस्ती दीड लाखाची. एकूण खर्च ६ लाख ४० हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ६० हजार. साडेसात लाखांची जुनी जपानी गाडी चार वर्षांनी पाच लाखांना गेली, देखभाल वर्षाला १५ हजार आणि मोठी दुरुस्ती ४० हजारांची. एकूण साडेतीन लाख, म्हणजे वर्षाला साडेसत्त्याऐंशी हजार. घेताना एक लाखाने स्वस्त असलेली गाडी इथे वर्षाला ७२ हजारांहून अधिक महाग पडली. आपल्या गावातील सर्व्हिस सेंटरचे खरे दर घालून हाच हिशोब करावा.

मग युरोपीय गाडी घेऊच नये का?

तसे नाही. वेगातील स्थिरता, दणकट बांधणी आणि चालवण्याचा आनंद यांसाठी अनेक जण जाणीवपूर्वक जास्त खर्च करतात. कुशाक आणि टायगुनला ऑक्टोबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले. अर्थात सुरक्षितता ही केवळ युरोपची मक्तेदारी नाही. मारुतीच्या नव्या डिझायरनेही २०२४ मध्ये पाच तारे मिळवले.

जुनी गाडी घेण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. सर्व्हिसची सलग नोंद अधिकृत केंद्राकडून पडताळून घ्यावी. गिअरबॉक्सचे तेल आणि क्लच कधी बदलले, हे विचारावे. संगणकावर दोष-नोंदी तपासून घ्याव्यात आणि गर्दीच्या रस्त्यावर अर्धा तास गाडी चालवून पाहावी. क्लच, हेडलॅम्प, पुढचा बंपर आणि एसी कॉम्प्रेसर या चार भागांचे दर आणि मिळायला लागणारे दिवस आधीच विचारावेत. कंपनी भारतात टिकून आहे का, हेही पाहावे. फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली, तर निसानची डॅटसन २०२२ मध्ये बंद झाली.

वॉरंटी संपलेली युरोपीय गाडी घ्यायचीच असेल, तर एका मोठ्या दुरुस्तीइतकी रक्कम खरेदीच्या दिवशीच बाजूला ठेवावी. ती ठेवणे शक्य नसेल आणि गाडी कर्जावरच येणार असेल, तर गावात भाग मिळणारी साधी गाडी निवडणे अधिक शहाणपणाचे.