ग्राफ एपीआयद्वारे फेसबुक पृष्ठावरील पोस्ट मिळवणे

ग्राफ एपीआय हे फेसबुकवरील माहिती अन्य आज्ञावलींना ठरावीक पद्धतीने मिळवता यावी, यासाठी फेसबुक कंपनीने (आताची मेटा) एप्रिल २०१० मध्ये जाहीर केलेले माध्यम आहे. व्यवसायाच्या किंवा संस्थेच्या पृष्ठावरील पोस्ट स्वतःच्या संकेतस्थळावर दाखवणे आणि त्यांचा संग्रह करणे, यांसाठी त्याचा उपयोग होतो.

रचना

या माध्यमात पृष्ठ, पोस्ट, छायाचित्र अशा प्रत्येक घटकाला बिंदू मानले जाते, तर घटकांमधील संबंधांना कडा म्हणतात. आलेखाच्या या कल्पनेवरूनच 'ग्राफ' हे नाव पडले. पृष्ठाचा क्रमांक आणि 'फीड' ही कडा मिळून तयार होणाऱ्या पत्त्यावर विनंती पाठवली असता पोस्टची यादी जेसन स्वरूपात मिळते. फीडमध्ये इतरांनी त्या पृष्ठावर लिहिलेला मजकूरही येऊ शकतो. 'पोस्ट्स' या कडेतून मात्र पृष्ठाने स्वतः प्रसिद्ध केलेल्या पोस्ट मिळतात. दुवा, छायाचित्र इत्यादी तपशील हवे असल्यास विनंतीत तसे नमूद करावे लागते. एका विनंतीत अधिकाधिक १०० पोस्ट मिळतात आणि पुढील भागाचा पत्ता उत्तरातच दिलेला असतो.

परवानगी

प्रत्येक विनंतीसोबत 'अ‍ॅक्सेस टोकन' ही सांकेतिक अक्षरमाला जोडावी लागते. वापरकर्त्याचे अल्पकालीन टोकन एक ते दोन तास, तर दीर्घकालीन टोकन सुमारे ६० दिवस चालते. पृष्ठाचे व्यवस्थापन करणाऱ्या व्यक्तीला त्या पृष्ठाचे टोकन घेता येते. दुसऱ्याच्या पृष्ठावरील पोस्ट सर्वांना वाचता येत असल्या, तरी आज्ञावलीद्वारे त्या मिळवण्यासाठी कंपनीकडून उपयोजनाची तपासणी होऊन स्वतंत्र मान्यता मिळावी लागते.

निर्बंध

माध्यमाची पहिली आवृत्ती ३० एप्रिल २०१५ रोजी बंद झाली. मार्च २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण उघडकीस आल्यावर नियम अधिक कडक झाले. सार्वजनिक पृष्ठांच्या अभ्यासासाठी पत्रकार व संशोधक वापरत असलेले क्राउडटँगल हे साधनही १४ ऑगस्ट २०२४ रोजी मेटाने बंद केले.

फीडमधून वर्षाला सुमारे ६०० पोस्टच मिळतात आणि त्यांची निवड फेसबुक करते. त्यामुळे वारंवार लिहिणाऱ्या पृष्ठाचा या मार्गाने केलेला संग्रह अपुरा राहू शकतो. ज्या संस्थेचा मजकूर केवळ फेसबुकवरच असतो, तिला स्वतःचेच लेखन या माध्यमातून मिळवताना कंपनीच्या तत्कालीन नियमांवर अवलंबून राहावे लागते.