एकटी राहिलेली तांबूस



कॅरीसारख्या गावात, जिकडे तिकडे कापलेली हिरवळ आणि संगणकाच्या कंपन्या, तिथे आम्ही कोंबड्या पाळतो म्हटल्यावर इस्राएलातल्या नातेवाईकांना हसू येते. खरे तर इथे पूर्वी घरामागे कोंबड्या ठेवायची परवानगीच नव्हती. २०१२ साली नगरपरिषदेने ती दिली, तीही मोजक्या कोंबड्यांपुरती, आणि कोंबडा तर नाहीच! पहाटेच्या आरवण्याने शेजाऱ्यांची झोप मोडते ना. सकाळच्या प्रार्थनेत कोंबड्याला दिवस-रात्र ओळखायची अक्कल दिल्याबद्दल देवाचे आभार मानायचे, आणि प्रत्यक्षात घड्याळाच्या गजराने उठायचे, अशी आमची तऱ्हा.

आमच्याकडे दोनच होत्या. एक तांबूस, एक ठिपक्यांची. नावेही तीच पडली. चार वर्षे दोघी एका दांडीवर अंगाला अंग लावून झोपत. बिरड्याचा सण झाला आणि त्याच आठवड्यात एका सकाळी ठिपक्याची खुराड्यात खाली पडलेली दिसली. गेलेली.

बालमित्रांनो, असे झाले तर मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही. मोठ्यांना हाक मारायची. २०२२ पासून अमेरिकेत रानपक्ष्यांमधून बर्ड फ्लूची साथ पसरली आहे, म्हणून आम्हीही हातमोजे घालूनच तिला उचलले. राज्याच्या पशुरोग प्रयोगशाळेत मेलेली कोंबडी तपासून मिळते. उत्तर आले की अंड्याचा बलक पोटात उतरून आत पू झाला होता. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना हा आजार होतो, पण एकीचा दुसरीला लागत नाही. तेवढाच जिवाला दिलासा.

पण तांबूसचे काय? ती दिवसभर दाराशी उभी राहून ओरडायची. दाणे टाकले तर दोन टिपायची आणि मान वर करून बघत बसायची. अंडी बंद झाली. ऑगस्टच्या उकाड्यात आणि पिसे गळायच्या दिवसांत अंडी तशीही कमी होतात, तरी हे निराळे होते. संध्याकाळी ती दांडीवर चढेना. ठिपक्याची पडली होती त्याच कोपऱ्यात जाऊन बसे.

लोदला मावशीला फोन केला. मावशी म्हणाली, "अगो, एका कोंबडीसाठी एवढं रडगाणं? नारळाच्या दुधात शिजवा नि शब्बाथला खा!" नातवाने फोनवरच भोकाड पसरले. मग मावशी जरा थांबली. म्हणाली, "रडू नको रे बाळा, चेष्टा केली. तुझा आजोबा गेला तेव्हा मी पण पंधरा दिवस चुलीपाशी गेले नव्हते. तिला एकटी ठेवू नका."

कोंबडी ही कळपात राहणारी जात. थंडीत ऊब, दिवसा पहारा, दाणा शोधणे, सगळे सोबतीने. पण सोबत आणायची तर घाई उपयोगाची नाही, हे आम्ही फजिती होऊन शिकलो. ओळखीच्या एका शेतावरून दोन तलंगा आणल्या आणि नातवाच्या हट्टापायी त्याच दुपारी आत सोडल्या. दोन मिनिटांत तांबूसने एकीचा तुरा रक्तबंबाळ केला. आम्हाला वाटले, एवढी एकटी पडलेली, आनंदाने जवळ घेईल. पण तिच्या लेखी त्या तिच्या घरात घुसलेल्या परक्या होत्या.

थॉर्लेइफ श्येल्डरुप-एब्बे नावाचा एक नॉर्वेचा मुलगा लहानपणापासून कोंबड्या न्याहाळत वह्या भरत असे. मोठा होऊन १९२०च्या सुमारास त्याने जगाला दाखवून दिले की कोंबड्यांमध्ये कोणी कोणाला टोचायचे याची पायरी ठरलेली असते. नवीन कोंबडी आली की ती पायरी पुन्हा ठरवावी लागते, आणि ती टोचूनच ठरते. म्हणून एकटी तलंग कधी आणू नये. निदान दोन आणाव्यात, म्हणजे टोचणी वाटली जाते.

मग आम्ही रीतसर सुरुवात केली. तलंगांना महिनाभर गॅरेजमध्ये वेगळे ठेवले. नवीन पक्ष्याबरोबर उवा, सर्दी, खोकला येतो, तो तेवढ्या दिवसांत कळतो. त्यांचे खाणे-पाणी वेगळे, आणि त्यांच्याकडे जायचे ते तांबूसचे सगळे आटोपल्यावर. तोवर तांबूसची सोबत आम्हीच. खुराडे स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ओढले, जाळीला कोबीचा गड्डा टांगला, छोटा आरसा लावला. आरशापुढे ती तासन्‌तास उभी राहायची. बघून पोटात कालवायचे.

महिन्यानंतर मधे जाळी घालून तिघींना शेजारी ठेवले. दिसायचे, पण टोचता यायचे नाही. जाळी बारीक आणि जाड तारेची घ्यावी; साध्या जाळीतून रॅकून हात घालतो. दाण्याची भांडी दोन मांडली, म्हणजे भांडण कमी. तलंगा अंड्यावर आलेल्या नव्हत्या, आणि अंडीवाल्या कोंबड्यांच्या खाद्यातला जास्तीचा चुना लहान पक्ष्यांच्या मूत्रपिंडाला बाधतो. म्हणून सगळ्यांना वाढीचे खाद्य आणि तांबूससाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत.

दोन आठवड्यांनी मावशीचाच सल्ला कामी आला. "उजेडात सोडू नका रे. अलिबागेकडे आमची आई नवी तलंग अंधार पडल्यावर खुराड्यात ठेवायची. सकाळी उठल्या की जुन्याच वाटतात." इथल्या कोंबडीवाल्यांच्या पुस्तकांतही हेच सांगितलेले असते! रात्री तिघींना एका दांडीवर बसवले आणि पहाट व्हायच्या आत आम्ही खिडकीशी हजर. थोडे टोचणे झाले, पळापळ झाली. रक्त मात्र आले नाही.

आता तांबूस पुढे आणि त्या दोघी मागे. फार प्रेम आहे असे म्हणवत नाही. दाण्यावर ती अजून त्यांना हाकलते. पण रात्री मधे तीच बसते.

आपल्या पूर्वजांनी कोकणात शेमा जपून ठेवला. त्याच शेमाच्या पुढच्या भागात आधी गुरांच्या गवताचे नाव येते आणि मग माणसाच्या जेवणाचे. त्यावरून ताल्मूदमधल्या ज्ञानी लोकांनी नियम काढला की मुक्या जनावराला खायला घातल्याशिवाय आपण जेवायला बसू नये. नातू आता रोज सकाळी आधी खुराड्याकडे जातो, मग दूध पितो. आणि दर शुक्रवारी शब्बाथचे दिवे लावायच्या आधी मावशीला फोन करतो. लोदला तेव्हा शब्बाथ लागलेला असतो म्हणून फोन सकाळी करावा लागतो, हेही त्याला आता पाठ झाले आहे. मावशी पहिला प्रश्न विचारते, "तांबूस जेवली का रे?"

मग तो विचारतो, "आणि तू?"

सर्वांना शब्बाथ शालोम.