वादळ कोणत्या बाजूने गेले? वारा सांगतो

3 जून 2020 रोजी दुपारी 12.30 ते 2.30 या वेळात ‘निसर्ग’ चक्रीवादळाने अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडला आणि ते ईशान्येकडे सरकले. अलिबागहून बदलापूर सरळ रेषेत सुमारे 70 किलोमीटर. त्यामुळे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील हौशी निरीक्षकांसाठी हा विलक्षण मोलाचा दिवस होता.

अशा वेळी कुलाब्याच्या डॉप्लर रडारवरील पावसाचे पट्टे आणि इन्सॅट उपग्रहाची चित्रे पाहावीतच. पण खरी गंमत गच्चीवरच्या साध्या वायुभारमापकात आणि वातकुक्कुटात आहे. केंद्र जवळ येते तसा वायुभार उतरतो, ते दूर जाऊ लागले की चढतो. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. ‘निसर्ग’चे केंद्र रायगडातून पुण्याच्या दिशेने गेले, म्हणजे उल्हासनगर-बदलापूर पट्टा त्याच्या मार्गाच्या डाव्या हाताला राहिला. डावीकडे वारा पूर्वेकडून ईशान्य, मग उत्तर असा वळत जातो. उजवीकडे वळण्याची दिशा उलटी असते. डावी बाजू तुलनेने सौम्यही असते, कारण तिथे वादळाची पुढे सरकण्याची गती वाऱ्याच्या वेगातून वजा होते. केंद्राच्या मार्गाजवळच्या श्रीवर्धन, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागांची मात्र दैना झाली.

जमिनीवर समुद्राच्या बाष्पाचा पुरवठा तुटतो, घर्षण वाढते आणि वादळ झपाट्याने क्षीण होते. पर्जन्यमापकाची नोंद तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी 8.30 लाच घ्यावी. हवामान विभागाचा पावसाचा दिवस तेव्हा संपतो आणि आकडे तुलनेला येतात.