जुन्या बंदुकीची खरेदी-विक्री आणि चोरीची पडताळणी

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांची शिवारे पसरली आहेत. रानडुकरे व रोही यांपासून उभे पीक राखणे हा येथील शेतकऱ्याचा नित्याचा प्रश्न. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. पुढे परवानाधारक निवर्ततो, बंदूक माळ्यावर पडून राहते आणि एके दिवशी घरातील कोणी ती विकावयास निघतो. ती चोरीची नाही, हे घेणाऱ्याने कसे ओळखावे?

शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात चोरीच्या बंदुकांची यादी टांगलेली नसते. त्याची पहिली कसोटी म्हणजे धातूवर ठोकलेला क्रमांक. निर्मात्याचे नाव व क्रमांक नसलेले अग्निशस्त्र विकण्यास कलम ८ अन्वये मनाई आहे. खूण खोडलेली आढळल्यास, ती बाळगणाऱ्यानेच खोडली असे कायदा गृहीत धरतो. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडतो. कानस फिरलेली जागा जाणत्या नजरेतून सहसा सुटत नाही.

त्यानंतर परवाना पाहावयाचा. त्यातील क्रमांक, निर्माता व बोअर प्रत्यक्ष शस्त्राशी जुळले पाहिजेत. केवळ क्रमांक पुरेसा नाही, कारण दोन निर्मात्यांच्या बंदुकांवर एकच क्रमांक असू शकतो. इंटरपोलच्या हरवलेल्या व चोरीच्या शस्त्रांच्या नोंदीतही याच कारणास्तव निर्माता व नमुना यांची माहिती घेतली जाते. आपल्याकडे २०१२ पासून राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीकोश सुरू झाला व परवानाधारकास विशिष्ट ओळख क्रमांक मिळू लागला. परंतु परवान्यावरून शस्त्र कोणाचे ते कळते. ते चोरीस गेले आहे काय, हे पोलीस ठाण्यातच कळते. म्हणून शंका येताच विक्रेत्याने ठाण्याशी संपर्क साधणे इष्ट होय.

शस्त्र हरवल्यास वा चोरीस गेल्यास विनाविलंब ठाण्यात कळविणे ही परवान्याची अटच आहे. मात्र ‘बारा बोअरची जुनी बंदूक गेली’ एवढ्याच मजकुराची फिर्याद पडताळणीस निरुपयोगी ठरते. खेड्यात अर्ज लिहून देण्याचे काम बहुधा शिक्षकांकडेच येते; त्यांनी परवाना मागून क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्यावा.

एका परवानाधारकाने दुसऱ्यास परस्पर विक्री करावयाची असल्यास, कलम ५ नुसार खरेदीदाराचे नाव व पत्ता जिल्हादंडाधिकारी किंवा नजीकच्या ठाण्याच्या अधिकाऱ्यास लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. ही मुदत अनेकांना जाचक वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र सर्व व्यवस्थेत हीच चाळणी सर्वांत उपयोगाची आहे, कारण पोलिसांना जुन्या नोंदी पाहण्यास तिच्यामुळे सवड मिळते.

वारसाने मात्र घाई करू नये. वडिलांचा परवाना मुलाच्या कामी येत नाही. कलम २१ नुसार बंदूक नजीकच्या ठाण्यात किंवा विहित अटींवर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. विक्रीचा किंवा स्वतःच्या परवान्याचा विचार त्यानंतर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ अन्वये, चोरीची असल्याचे ठाऊक असून वा तसे मानण्यास कारण असून अप्रामाणिकपणे वस्तू स्वीकारणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

निवडणुकीच्या काळात शस्त्रे ठाण्यात जमा करून घेतली जातात. त्या वेळच्या पावतीवर क्रमांक लिहिला आहे काय, हे तेथेच पाहून घ्यावे व ती पावती परवान्यासोबत ठेवावी.